आधी फाउल शिका, मग पॉट: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी स्नूकर, पूल आणि थोडं गोल्फ

ठाण्यात वाढलेल्या मुलाच्या हातात क्यू (स्नूकरची काठी) येण्याआधी स्ट्रायकर आलेला असतो. नौपाड्यातल्या वाड्यांच्या पडवीत, कोपरीतल्या चाळीच्या गॅलरीत, गणपती मंडळाच्या मांडवामागे कुठेतरी दिव्याखाली बोर्ड मांडलेला असायचाच. त्यामुळे स्नूकर शिकायला येणारा बहुतेक जण कॅरमचा हात घेऊन येतो. तो हात उपयोगाचा असतो. कट कळतो, कोन दिसतो, रिबाउंडचा अंदाज असतो. पण कॅरमचे नियमही डोक्यात घट्ट बसलेले असतात आणि स्नूकरच्या टेबलावर ते महाग पडतात.

माझ्या पहिल्या फ्रेममध्ये, म्हणजे डावात, मी एक रेड (लाल बॉल) खिशात टाकला आणि लगेच त्याच्या शेजारच्या रेडवर मारलं. कॅरममध्ये आपली सोंगटी गेली की पुढची आपलीच, तेवढंच मला ठाऊक होतं. मार्कर, म्हणजे पार्लरमधला गुण मांडणारा, शांतपणे म्हणाला, "सात." मला वाटलं, मला सात मिळाले. ते समोरच्याला मिळाले होते. त्या दिवसापासून नवीन कुणी शिकायला आलं की मी आधी फाउल समजावतो, शॉट नंतर. नवख्यांच्या फ्रेममध्ये पॉटपेक्षा, म्हणजे बॉल खिशात टाकण्यापेक्षा, पेनल्टीचेच गुण जास्त झालेले मी किती वेळा पाहिले आहेत. दंड किती हे माहीत असेल तर कुठला शॉट खेळायची हिंमत करावी हेही कळतं.

पायरी पहिली: जाण्यापूर्वी

ठाण्यात आणि नवी मुंबईत पार्लरमध्ये टेबल तासाच्या किंवा फ्रेमच्या दराने मिळतं. आत गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा. दुसरा प्रश्न खेळणाऱ्याला: हरणारा टेबलाचे पैसे देणार की निम्मे-निम्मे? हे आधी ठरलेलं असलं की शेवटच्या ब्लॅकवर वाद होत नाही. शिकण्यासाठी आठवड्याच्या मधल्या दिवसातली दुपार धरा. शनिवारी संध्याकाळी टेबलाभोवती वाट पाहणारे उभे असतात आणि त्यांच्या नजरेखाली हात मोकळा राहत नाही.

हात धुऊन जा. वडापावचं तेल लागलेला हात कापडावर ठेवला की तो डाग त्या टेबलावर वर्षानुवर्षं राहतो. ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून थेट येणाऱ्यांनी गळ्यातलं आयकार्ड काढून खिशात ठेवावं. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. वाकल्यावर ते लोंबतं, बॉलला लागतं, आणि कपडा किंवा अंगावरची कुठलीही वस्तू बॉलला लागणं हा फाउल आहे. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी, सगळ्यांना तोच नियम.

स्नूकर हा आपल्याला परका खेळ वाटतो, पण तो भारतातच जन्मला. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर जास्तीचे रंगीत बॉल घालून तो सुरू केला, आणि पुढे त्याचे नियम ऊटीच्या क्लबात लिहून लावले गेले. आणि भारताला कुठल्याही खेळातला पहिला वैयक्तिक जागतिक विजेता मिळाला तो बिलियर्ड्समध्ये: पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स, १९५८ साली, कोलकात्यात. क्रिकेटच्या गप्पांमध्ये हे नाव मागे पडतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

पायरी दुसरी: टेबल ओळखा

पूर्ण मापाचं स्नूकर टेबल १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद असतं. त्यावर २२ बॉल: एक व्हाईट (क्यूने फक्त हाच मारायचा), पंधरा रेड आणि सहा कलर. गुण असे: रेड १, यलो २, ग्रीन ३, ब्राउन ४, ब्लू ५, पिंक ६, ब्लॅक ७. ज्या टोकाला अर्धवर्तुळ काढलेलं असतं तिथे उभे राहा. त्याला डी म्हणतात. डीच्या सरळ रेषेवर तुमच्या डावीकडे ग्रीन, मधे ब्राउन, उजवीकडे यलो. टेबलाच्या बरोबर मध्यावर ब्लू. त्याच्या पलीकडे पिंक, पिंकच्या पाठीला रेडचा त्रिकोण, अगदी जवळ पण न चिकटता. त्रिकोणामागे ब्लॅक.

या जागा पाठ कराच. पार्लरमध्ये कलर परत ठेवायला मार्कर प्रत्येक वेळी येणार नाही. कलर पॉट झाला की रेड संपेपर्यंत तो स्वतःच्या जागेवर परत येतो. ती जागा दुसऱ्या बॉलने अडवलेली असेल तर सगळ्यांत जास्त किमतीची जी जागा रिकामी असेल तिथे तो ठेवायचा. म्हणजे ब्ल्यूची जागा अडली आणि ब्लॅकची रिकामी असेल तर ब्लू ब्लॅकच्या जागेवर जातो. नवखे बहुतेक वेळा तो "जवळपास कुठेतरी" ठेवून मोकळे होतात, आणि पुढचा सगळा खेळ चुकीच्या मांडणीवर चालतो.

पायरी तिसरी: क्रम

एक रेड, मग कुठलाही एक कलर, मग पुन्हा रेड, मग पुन्हा कलर. रेड खिशात गेला की परत येत नाही, कलर येतो. एकाच शॉटमध्ये दोन रेड पडले तर दोन्हींचे गुण मिळतात. शेवटचा रेड आणि त्यावरचा कलर झाला की मग सहाही कलर किमतीच्या चढत्या क्रमाने टाकायचे, यलोपासून ब्लॅकपर्यंत, आणि आता ते परत येत नाहीत.

कॅरममधल्या राणीला कव्हर लागतं ते आठवा. इथे उलटी रीत आहे. प्रत्येक रेड ही पुढच्या कलरची परवानगी आहे. ती परवानगी एकदाच वापरता येते, आणि परवानगी मिळाल्यावर कलरवरच खेळावं लागतं. मी खाल्लेला सातचा फाउल याच ठिकाणी होतो.

गणितही इथेच समजून घ्या. सहा कलर मिळून २७. एक रेड आणि त्यावर ब्लॅक म्हणजे ८. टेबलावर तीन रेड उरले असतील तर जास्तीत जास्त २४ आणि २७, म्हणजे ५१ गुण शिल्लक आहेत. तुम्ही ५५ ने मागे असाल तर नुसत्या पॉटिंगने जिंकणं शक्य नाही, समोरच्याकडून फाउल काढावे लागतील. त्यासाठी व्हाईट असा अडवायचा की समोरच्याला खेळायचा बॉल सरळ लागू नये. या अडवणुकीलाही स्नूकरच म्हणतात. पंधरा रेड, प्रत्येकावर ब्लॅक आणि शेवटचे २७ मिळून १४७ होतात.

पायरी चौथी: फाउल

इथे थांबा आणि सावकाश वाचा. कॅरममध्ये स्ट्रायकर गेला की ड्यू लागतो, आपली सोंगटी बोर्डावर परत येते. म्हणजे नुकसान आपल्या खात्यातून होतं. स्नूकरमध्ये तुमचे गुण कमी होत नाहीत. समोरच्याच्या खात्यात वाढतात. शिवाय तुमची पाळी जाते आणि त्या शॉटमध्ये पडलेल्या कशाचेही गुण तुम्हाला मिळत नाहीत.

दंड किती, याचा एकच नियम आहे. कमीत कमी ४. ज्या बॉलवर तुम्हाला खेळायचं होतं किंवा ज्या बॉलमुळे फाउल झाला, त्यातल्या जास्त किमतीच्या बॉलचे गुण ४ पेक्षा जास्त असतील तर तेवढे. जास्तीत जास्त ७.

आता हे टेबलावर बघू. तुम्हाला रेडवर खेळायचं होतं आणि व्हाईट कशालाच लागला नाही: ४. रेडवर खेळायचं होतं आणि आधी ब्लॅकला लागला: ७. यलोवर खेळायचं होतं आणि ग्रीनला लागला: दोन्ही चारपेक्षा लहान, म्हणून ४. ब्ल्यू सांगितला आणि पिंकला लागला: ६. पिंक सांगितला, पिंकला बरोबर लागला, पण व्हाईट खिशात गेला: तेव्हाही ६, कारण खेळायचा बॉल पिंक होता. रेडला व्यवस्थित लागला, पण पुढे जाऊन ब्राउन खिशात पडला: ४, आणि ब्राउन परत त्याच्या जागेवर.

काही चुकांना सरळ ७ आहेत, टेबलावर काहीही असो. सलग दोन शॉट रेडवर मारणे. व्हाईट सोडून दुसऱ्याच बॉलला क्यू लावून खेळणे. रेड टाकल्यावर कुठला कलर खेळणार हे ठरवण्याआधीच काहीतरी फाउल करणे. म्हणून रेड पडला की तोंडाने कलर सांगायची सवय लावा. समोर सरळ ब्लॅक दिसत असला तरी सांगा. आपण काय खेळतोय हे दोघांनाही ठाऊक असलं की वाद होत नाही.

बाकी फाउल असे की नवखा ते करतो आणि त्याला कळतही नाही. दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले. टेबल रुंद असतं, लांबचा बॉल गाठायला पोटावर आडवे होताना दुसरा पायही सुटतो. निदान एक पाय जमिनीला हवाच. हात पोहोचत नसेल तर रेस्ट (क्यू टेकवायची लांब काठी) घ्या, त्यात कमीपणा नाही. बॉल अजून फिरत असताना पुढचा शॉट मारणं हाही फाउल. व्हाईट दुसऱ्या बॉलवरून उडवून नेणं फाउल. बॉल टेबलाबाहेर पडणं फाउल. आणि टिपने, म्हणजे क्यूच्या टोकाने, व्हाईटला ढकलणं, म्हणजे टिप चिकटवून ठेवून बॉल पुढे सरकवणं, हाही फाउल. व्हाईट आणि पुढचा बॉल अगदी जवळजवळ असतात तेव्हा हे सगळ्यांत जास्त होतं. स्ट्रोक छोटा ठेवा, क्यू पुढे सरकू देऊ नका.

व्हाईट एखाद्या बॉलला खरंच चिकटलेला असेल तर वेगळा नियम आहे. चिकटलेला बॉल तुमच्या खेळायच्याच बॉलपैकी असेल तर तो न हलवता व्हाईट दुसरीकडे न्यायचा. त्याला लागलाच असं धरलं जातं, म्हणून दुसऱ्या कशाला लागलं नाही तरी फाउल नाही. पण चिकटलेला बॉल हलला तर तो ढकललेला शॉट. इथे मान खाली घालून समोरून आणि बाजूनेही बघा, नुसत्या वरच्या नजरेने चिकटलंय की नाही ते कळत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पार्लरमध्ये रेफरी नसतो. बाही बॉलला लागली, टिप दोनदा लागली, हे अनेकदा फक्त तुम्हालाच कळतं. तेव्हा ताठ उभे राहा आणि स्वतःहून "फाउल" म्हणा. मोठ्या स्पर्धांतले खेळाडूही रेफरीने न पाहिलेला फाउल स्वतःहून सांगतात. नवख्या माणसाने पहिल्या दिवशीच ही सवय लावली की त्याला खेळायला जोडीदार कधी कमी पडत नाहीत, हे मी ठाण्यात डोळ्यांनी पाहिलं आहे.

फाउल झाल्यावर समोरच्याकडे पर्याय असतो. तो स्वतः खेळू शकतो, किंवा तुम्हालाच पुन्हा खेळायला सांगू शकतो. तुमचा व्हाईट अवघड जागी असेल तर तो हेच करेल. व्हाईट खिशात गेला असेल तर पुढचा शॉट डीच्या आतूनच, टेबलावर कुठूनही नाही.

पायरी पाचवी: फ्री बॉल आणि मिस

फाउलनंतर तुमची पाळी आली, पण व्हाईट असा अडकलाय की ज्या बॉलवर खेळायचं त्याच्या दोन्ही कडांना सरळ रेषेत लागणं शक्य नाही. तेव्हा तुम्हाला फ्री बॉल मिळतो. टेबलावरचा कुठलाही बॉल तुम्ही खेळायचा बॉल म्हणून निवडू शकता. रेडची पाळी असेल आणि तुम्ही ब्राउन निवडून टाकला तर गुण ४ नाहीत, रेडसारखा १ मिळतो, ब्राउन परत जागेवर येतो, आणि पुढे तुम्ही नेहमीप्रमाणे कलर खेळता. फ्री बॉलच्याच मागे व्हाईट लपवून समोरच्याला अडकवायचं नाही, तोही फाउल आहे. फक्त पिंक आणि ब्लॅकच उरले असतील तेव्हा ते चालतं.

मिसचा नियम नवख्यांना अन्यायकारक वाटतो, आणि मी त्यांच्याशी थोडा सहमत आहे. रेफरीला वाटलं की तुम्ही खेळायच्या बॉलला लागण्यासाठी पुरेसा प्रयत्न केला नाही, तर तो मिस देतो, आणि समोरचा सगळे बॉल मूळ जागी ठेवून तुम्हाला पुन्हा तोच शॉट खेळायला लावू शकतो. दर वेळी दंड नव्याने लागतो. सरळ, पूर्ण दिसणारा बॉल लागोपाठ तीनदा चुकवला तर ताकीद मिळूनही फ्रेम जाते. पार्लरमध्ये बॉल नेमके कुठे होते हे आठवून ठेवणं कठीण असतं. म्हणून पहिले काही महिने मिसशिवाय खेळायचं असं दोघांनी ठरवा. स्पर्धेत उतरायचं झालं की तेव्हा तो नियम घ्या.

पायरी सहावी: शॉट

आता क्यू हातात घ्या. उजव्या हाताने खेळत असाल तर उजवा पाय शॉटच्या रेषेवर, गुडघा सरळ, डावा पाय थोडा पुढे आणि बाहेर. कमरेतून वाका, हनुवटी क्यूवर जवळजवळ टेकेपर्यंत. डाव्या हाताचा पंजा कापडावर पसरा, बोटं रुतवून घट्ट, अंगठा वर उचललेला. अंगठा आणि तर्जनीच्या खाचेतून क्यू सरकायला हवा. मागच्या हाताचा कोपर स्थिर ठेवून कोपराखालचा हात लंबकासारखा हलवा. क्यू जमेल तितका आडवा, जमिनीला समांतर. मागे नेल्यावर क्षणभर थांबा, मग पुढे सोडा. आणि शॉट संपेपर्यंत वर उठू नका. बॉल कुठे चाललाय हे बघायला डोकं उचलणं ही कॅरममधून आलेली सगळ्यांत चिवट सवय आहे, कारण कॅरमला आपण बसून, वरून बघूनच खेळतो.

पहिला आठवडा बॉल टाकायला जाऊ नका. व्हाईट ब्राउनच्या जागेवर ठेवा आणि ब्लू, पिंक, ब्लॅकच्या जागांवरून सरळ पलीकडच्या कुशनवर (टेबलाच्या रबरी कडेवर) मारा. परत येताना तो त्याच रेषेवरून येऊन तुमच्या टिपला लागला पाहिजे. डावीउजवीकडे सरकला तर तुम्ही व्हाईटच्या मध्यावर मारलेलं नाही. हा सराव कंटाळवाणा आहे, पण यातून जेवढं कळतं तेवढं शंभर पॉट मारूनही कळत नाही.

मग व्हाईटच्या मध्यावर, वर आणि खाली मारून काय होतं ते शिका. सरळ शॉट घ्या. मध्याच्या जरा खाली, ठाम मारलं तर आदळल्यावर व्हाईट जागीच थांबतो, हा स्टन. वर मारलं तर तो मागोमाग पुढे जातो, हा फॉलो. बऱ्यापैकी खाली आणि क्यू आरपार नेऊन मारलं तर तो मागे येतो, त्याला स्क्रू म्हणतात. स्क्रू जोराने येत नाही, क्यू किती सहज पुढे जातो त्यावर येतो. नवखा जोर लावतो, टिप वर उचलली जाते आणि व्हाईट पुढेच जातो. टिपला प्रत्येक शॉटआधी चॉक लावा, नाहीतर खाली मारताना टिप घसरते.

साइड, म्हणजे डावीउजवीकडे मारून फिरकी देणं, पहिले तीन महिने हात लावू नका. साइड दिली की व्हाईट निशाण्यापासून थोडा ढळतो, आणि चूक नेमकी कुठे झाली हे तुम्हाला शोधताच येत नाही.

नेम धरायला सोपी युक्ती: बॉल खिशात जायचा असेल तर व्हाईट आदळण्याच्या क्षणी कुठे असला पाहिजे, तिथे एक बॉल आहे असं मनात बघा आणि त्याच्या मध्यावर व्हाईट पाठवा. व्हाईटचा मध्य समोरच्या बॉलच्या कडेवर गेला की अर्धा बॉल लागतो आणि तो साधारण तीस अंशांनी कापला जातो. हा एक कोन डोळ्यात बसवा, बाकीचे त्याच्या अलीकडे-पलीकडे असतात.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा दमट असते, कापड ओलसर होतं आणि टेबल जड चालतं. जुलैत जेवढा जोर लागतो तेवढा जानेवारीत लावला तर व्हाईट दोन कुशन जास्त फिरतो. पार्लर बदलला, ऋतू बदलला, की आधी चार शॉट नुसते जोराचा अंदाज घेण्यासाठी मारा.

आणि जिथे पॉटची खात्री नाही तिथे सेफ्टी, म्हणजे समोरच्याला अवघड जाईल असा बचावाचा शॉट. व्हाईट परत डीकडे, ब्राउन-यलोच्या मागे नेऊन ठेवा. तुम्ही आता दंडांची किंमत जाणता. समोरच्याचा एक चुकलेला रेड म्हणजे तुम्हाला ४, आणि तो ब्लॅकला लागला तर ७. नवख्याला कठीण पॉटमधून मिळणाऱ्या एका गुणापेक्षा हे कितीतरी बरं.

पूल खेळायला बसलात तर

पूलचं टेबल लहान, बॉल मोठे, खिसे उदार. आठ बॉलच्या खेळात १ ते ७ रंगीत भरीव, ९ ते १५ पट्टेवाले, आणि मधला काळा ८. आपला सगळा गट टाकून मग ८. इथे दंड गुणांचा नसतो, जागेचा असतो. फाउल झाला की समोरचा व्हाईट हातात घेतो आणि टेबलावर कुठेही ठेवतो. स्नूकरवाल्यांना हे पहिल्यांदा भयंकर वाटतं.

स्नूकरमध्ये नसलेला एक फाउल इथे आहे: व्हाईट आपल्या बॉलला लागल्यानंतर काही पडलं नाही, तर निदान एक बॉल कुशनला लागला पाहिजे. हळूच टेकवून सोडलं तर फाउल. उलट क्यू उचलून व्हाईट उडवणं, जे स्नूकरमध्ये फाउल, ते इथे चालतं, फक्त खालून उकरून उचलायचा नाही. ८ लवकर पडला, किंवा ८ टाकताना फाउल झाला, तर खेळ तिथेच हरलात. ब्रेकवर ८ पडला तर जिंकलं असं आपल्याकडे बरेच जण मानतात. आंतरराष्ट्रीय नियमात तसं नाही, ८ परत ठेवला जातो किंवा पुन्हा ब्रेक होतो. म्हणून सुरुवातीलाच विचारून घ्या.

टेबलावरून गवतावर

ठाण्याहून पनवेलची लोकल पकडून खारघरला उतरलं की डोंगरांच्या पायथ्याशी, पांडवकड्याच्या बाजूला, सिडकोचा गोल्फ कोर्स आहे. क्यूवर हात बसलेल्यांना मी तिकडे पाठवतो, कारण पटिंगमध्ये (होलभोवतीच्या हिरवळीवर पटर नावाच्या क्लबने बॉल होलकडे हळू मारण्यात) तोच लंबक आहे: स्थिर डोकं, स्थिर खांदे, बेताचा झोका. म्हणून गोल्फ शिकताना मोठ्या ड्रायव्हरने सुरुवात करू नका. आधी हिरवळीवर पटर, मग हिरवळीच्या काठावरून छोटा चिप, मग लोखंडी क्लब. बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब चालतात, तुम्हाला पाच पुरेत.

गोल्फमध्ये दंड समोरच्याला मिळत नाही, तुमच्याच स्ट्रोकच्या आकड्यात मिळवला जातो, आणि आकडा जितका कमी तितकं चांगलं. बॉल मारायला क्लब फिरवला आणि तो चुकला तरी तो स्ट्रोक मोजला जातो.

पांढरे खुंट म्हणजे हद्द. बॉल त्यापलीकडे गेला किंवा तीन मिनिटं शोधून सापडला नाही, तर एक दंड घेऊन मागच्याच जागेवरून पुन्हा मारायचं. म्हणून बॉल दाट गवतात गेल्याचा संशय आला की "प्रोव्हिजनल (तात्पुरता बॉल) मारतोय" असं मोठ्याने सांगून दुसरा बॉल मारून ठेवा, परत चालत यायला लागत नाही. न सांगता मारलात तर तोच तुमचा खेळातला बॉल होतो आणि दंडही लागतो.

लाल किंवा पिवळे खुंट म्हणजे पाण्यासारख्या दंडाच्या जागा. तिथून जमलं तर विनादंड मारता येतं. नाहीतर एका दंडाने बॉल बाहेर घ्या: मागच्या जागेवर जा, किंवा जिथून बॉल आत गेला ती जागा आणि झेंडा यांच्या सरळ रेषेत मागे जा. लाल खुंट असतील तर आणखी एक सोय आहे, बॉल आत गेला त्या जागेपासून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता. बॉल टाकताना हात गुडघ्याच्या उंचीवर, २०१९ पासून नियम तसा आहे.

खारघरच्या पावसाळ्यात दोन नियम फार उपयोगी पडतात. गवतावर साचलेल्या तात्पुरत्या पाण्यात बॉल असेल तर दंडाशिवाय बाहेर काढता येतो. स्वतःच्याच आदळण्याने मऊ जमिनीत रुतला असेल तरीही, अर्थात बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) किंवा दंडाच्या जागेत नसेल तर. कावळ्याने किंवा कुत्र्याने तुमचा बॉल हलवला तर तो मूळ जागी ठेवा, दंड नाही. बंकरमध्ये मात्र जपून: मारण्याआधी बॉलच्या लगेच मागे किंवा पुढे वाळूला क्लब टेकला, किंवा सरावाचा झोका वाळूला लागला, तर दोन स्ट्रोक दंड. दुसऱ्याचाच बॉल मारलात तरीही दोन, आणि आपला बॉल गाठून खेळ दुरुस्त करावा लागतो. म्हणून घरून निघतानाच आपल्या बॉलवर पेनने खूण करा.

गोल्फमध्ये प्रत्येकाचं कार्ड सोबत खेळणारा दुसरा खेळाडू लिहितो. त्यालाही मार्करच म्हणतात, आपल्या पार्लरमधल्या गुण मांडणाऱ्यासारखं. शेवटचा होल झाला की छत्री मिटून बाजूला या, होल एकेक करून आकडे मोठ्याने वाचून घ्या, तुमचे दंड त्यात धरले आहेत का ते स्वतः सांगा, आणि मगच सही करा. स्पर्धेत एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहिलेल्या कार्डावर सही झाली तर खेळाडू बाद होतो. जास्त लिहिला गेला असेल तर तो तसाच धरला जातो.